हुरड्याच्या पट्टीतला फुटवा

माझ्या अक्काला अख्खं गाव विचारतं. विचारायचं, असं म्हणायला हवं. ते का थांबलं हे दोघांनाच ठाऊक आहे, तिला आणि मला. म्हणून सांगायला बसलोय. मधेच आवाज चढला तर माफ करा. माझा स्वभावच तापट, आणि ह्या खेपेला राग माझ्यावरच आहे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मोडनिंबच्या पुढं, हायवे सोडून थोडं आत गेलं की तिचं सासर. दाजी अकलूजकडं साखर कारखान्यात, हंगाम चालू असला की पंधरा-पंधरा दिवस घरी येत नाहीत. शेत आणि गोठा सगळा अक्काच्या अंगावर. पण तिथं तिचा मान काय होता म्हणता! कुणाची गाय रवंथ करेना, कुणाच्या म्हशीची वार अडकली, कुणाचं वासरू दूध ओढेना, की माणूस आधी अक्काच्या दारात उभा. ती जनावराच्या कानाला हात लावायची, शेणाकडं बघायची आणि सांगायची, हे घरात बरं होईल, हे डॉक्टरचं काम आहे. सरकारी डॉक्टरसुद्धा गोठ्यात आला की पहिलं विचारायचा, "अक्कांनी बघितलं का?"

आमची आई लवकर गेली. तेव्हा अक्का सातवीत. घरात दोन म्हशी, एक गाय आणि मी, चौघांचं बघायला कुणीतरी हवं होतं. अक्कानं शाळा सोडली. मी शिकत गेलो आणि आज सोलापुरात एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतो. अक्काच्या गावात मी गेलो की पोरंटोरं "सर आले" म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडतं.

तिसऱ्या वर्षाला माझा आवडता धडा आहे, वनस्पतींतले दुय्यम पदार्थ. झाडाला वाढायला साखर लागते, प्रथिनं लागतात, ती प्राथमिक. ह्या दुय्यम पदार्थांवाचून झाड वाढेल, पण टिकणार नाही. त्याला पळता येत नाही, ओरडता येत नाही, मग ते रसायनं करून ठेवतं. मी फळ्यावर तीन रकाने पाडतो. पहिला टर्पीन, त्यात कडुनिंबाचा कडूपणा आणि पुदिन्याचा वास. दुसरा फिनॉलिक, त्यात डाळिंबाच्या सालीचा तुरटपणा. तिसरा नत्रवाले. त्यात अल्कलॉइड, म्हणजे धोतरा आणि तंबाखू. तंबाखू म्हटलं की मागच्या बाकावरच्या दोन-तीन मुली एकमेकींकडं बघतात, त्यांच्या आया विड्या वळतात. आणि त्याच रकान्यात सगळ्यात खाली सायनोजेनिक ग्लायकोसाइड. उदाहरण, धुरिन. वनस्पती, सॉर्घम बायकलर.

धुरिन शिकवताना मी रंगात येतो. झाड किती चलाख बघा, म्हणतो. विष साखरेला बांधून एका खोलीत ठेवतं, आणि ती गाठ सोडणारं विकर दुसऱ्या खोलीत. फटाक्याची दारू एका कपाटात आणि काडेपेटी दुसऱ्या कपाटात. जनावरानं पान चावलं की भिंत फुटते, दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. कोवळ्या पानात जास्त, ताण बसलेल्या झाडात त्याहून जास्त. पेपरात धुरिनचं सूत्र चुकलं की मी अर्धा मार्क कापतो. एकदा एका मुलाला भर वर्गात म्हणालो होतो, "अरे बाबा, हे पाठ करून उपयोग नाही, हे दिसलं पाहिजे!"

मला दिसलं होतं का? थांबा, येतो त्यावरच.

जानेवारीत मी कॉलेजातल्या सात-आठ जणांना हुरड्याला घेऊन गेलो होतो. अक्कानं विहिरीजवळची ज्वारीची एक पट्टी आमच्यासाठी दाणे दुधात असतानाच कापली. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, मंडळी खूश. बाकीची ज्वारी पिकल्यावर निघाली, कडब्याच्या पेंढ्या रचून झाल्या, आणि हुरड्याच्या पट्टीत कापलेल्या ताटांचे बुडखे, म्हणजे सड, तशीच पडून राहिली. फेब्रुवारीच्या शेवटी अवकाळीचा एक शिडकावा झाला. नंतर पुन्हा ऊन, तेही असलं की विचारू नका.

मार्चमधल्या एका रविवारी मी गेलो. अक्काला मोडनिंबला डोळे तपासायला जायचं होतं, जवळचं धूसर दिसतंय म्हणत होती. "तुमी हायसा तवर जाऊन येते," ती म्हणाली. थट्टेत असली की ती मला अहो-जाहो करते. वडापची जीप पकडायला निघताना गोठ्यातल्या गाईकडं बोट करून म्हणाली, "बारा वाजता पाणी दाव, दोन पेंढ्या कडबा टाक. दुसरं काय करू नकोस."

गाय आठ महिन्यांची गाभण. त्या गोठ्यात हीच एक उरलेली. तिच्या माहेरच्या गाईच्या पोटचं वासरू अक्का लग्नानंतर इकडं घेऊन आली, ही त्याच वेलीतली. आमच्या घरचं म्हणून अक्काकडं जे काही होतं, ते एवढंच.

बारा वाजता मी पाणी दाखवलं. कडबा टाकला. गाईनं तो हुंगला आणि मान फिरवली. मला वाईट वाटलं. पोटात जीव वाढतोय आणि हिला हे वाळकं चिपाड! गाभण जनावराला हिरवा चारा द्यावा, कॅरोटीन मिळतं, हे मी कुठंतरी वाचलेलं. मी शेताकडं बघितलं. सगळं रान करडं, आणि विहिरीजवळ ती हुरड्याची पट्टी हिरवीगार, गर्द, ढोपराएवढी फुटून आलेली. मी म्हटलं, वा! अक्काला एवढं साधं सुचलं नाही? विळा घेतला, शर्ट काढून ठेवला, भाराभर फुटवा कापला. बोटाला चीर पडली तेव्हा उलट बरंच वाटलं, बऱ्याच वर्षांनी हातानं काहीतरी केलं म्हणून. गव्हाणीत टाकला. गाय तुटून पडली. मी बाजेवर बसून मोबाईल बघत राहिलो.

दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. साखळी खळकन वाजली. गाईनं तोंड वर केलं होतं आणि नाकपुड्या फुगवून ती अशी श्वास घेत होती की जणू मैलभर पळून आलीय. तोंडातून फेस. मागचे पाय लटलट कापायला लागले. माझ्या मनात पहिलं आलं, बाप रे, ही व्यायला लागली! आठव्या महिन्यात! अक्काला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेवढ्यात गाय गुडघ्यावर आली आणि कुशीवर पडली. पोट एवढं मोठं, की ती पडली तेव्हा जमीन हादरल्यासारखं वाटलं.

मी धावलो. तोंडावरचा फेस पुसायला ओठ वर केला तर हिरड्या लालभडक, डाळिंबाच्या दाण्यासारख्या. आणि तिच्या श्वासाला एक वास येत होता. कडू बदामाचा.

तो वास मला ओळखायला एक क्षणही लागला नाही. दर वर्षी मी तो वर्गात तोंडानं वर्णन करतो. गव्हाणीतला फुटवा हातात धरला आणि अख्खा फळा डोळ्यांपुढं उभा राहिला. सॉर्घम बायकलर म्हणजे ज्वारी. ही ज्वारी. कोवळी, आणि पावसानंतर उन्हाचा ताण बसलेली. मला सगळं ठाऊक होतं हो! तिच्या रक्तात प्राणवायू गच्च भरलाय, म्हणून हिरड्या लाल आहेत, पण पेशींना तो घेता येत नाहीये, हे ठाऊक होतं. सायनाइडला उतारा हायपो, आणि तो आमच्या शेजारच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये बरणी भरून ठेवलाय, हेही ठाऊक होतं. ती बरणी सोलापुरात आणि गाय इथं.

डॉक्टरांचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला होता. त्यांनी विचारलं, "काय खाल्लंय?"

माझ्या तोंडून निघालं, "सॉर्घम बायकलर."

"काय?"

"ज्वारी. ज्वारीचा फुटवा."

"केवढा?"

"ढोपराएवढा."

पलीकडं किल्ल्यांचा आवाज आला. मग ते म्हणाले, "किराळ लागलीय, सर. माझ्याकडं हायपो आहे, पण वीस-पंचवीस मिनिटं लागतील. गव्हाण रिकामी करा. गाय कुशीवर राहू देऊ नका, पोटावर बसती करा. तोंडात काही ओतू नका, ठसका लागेल."

किराळ! हा शब्द मी लहानपणी शंभरदा ऐकला असेल. ज्वारीच्या फुटव्यात जनावर गेलं, किराळ लागून मेलं, असं माणसं पारावर बोलायची. धुरिन मी कॉलेजात शिकलो. दोन्ही एकच, हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलंच नव्हतं. एक शब्द गावच्या खोलीत, एक शहरातल्या, आणि मधली भिंत पक्की. आता ती फुटली, तीही गाईच्या जिवावर.

गव्हाणीतला फुटवा ओढून बाजूला फेकला, पण मी एकटा तिला उठवू शकलो नाही. खांदा लावला, शेपटी धरली, शिव्या घातल्या, देवाला नवस बोललो. तिचे डोळे मोठे झाले होते आणि श्वास आता लांब-लांब, मधे थांबत येत होता. प्रत्येक वेळी थांबला की वाटायचं, संपलं. पोटावर हात ठेवला तर आतलं वासरू हललं. त्या हलण्यानं मी रडायलाच लागलो.

अक्का आली. हातात कापडी पिशवी, डोळ्यांत थेंब घातल्यावर देतात तो नवा काळा चष्मा लावलेला. दारातूनच गाय बघितली आणि पिशवी तिथंच टाकली. गव्हाणीशी जाऊन फुटव्याची एक काडी उचलली, चष्मा वर करून बघितली आणि मग मला बघितलं. मी त्या नजरेला तयार होतो. ओरडली असती, थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं.

"फोन केलास?" एवढंच म्हणाली.

"येतायत."

"मग रडू नको. हिकडनं खांदा लाव."

शेजारच्या दोघांना हाक मारली. चौघांनी मिळून गाय पोटावर बसती केली, दोन्ही बाजूंना कडब्याच्या पेंढ्या ठासल्या. अक्कानं मान मांडीवर घेतली आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटत राहिली. हां हां म्हणता गोठ्यात पंधरा-वीस माणसं जमली. त्यात एक बाई कुजबुजली, "किराळ? अक्काच्या गोठ्यात?" मला ते ऐकू आलं, म्हणजे अक्कालाही आलंच असणार.

डॉक्टर मोटारसायकलवरून उतरले ते पिशवी उघडतच. मानेची शीर दाबून त्यांनी सावकाश औषध सोडलं. मी गाईच्या बरगड्या मोजल्यासारखा बघत होतो, कूस वर आली की खाली जाते का, खाली गेली की वर येते का. एकदा गेली ती येईचना. अक्कानं डोळे मिटले. मग एक लांब सुस्कारा आला, नाकातून फेस उडाला आणि श्वास पुन्हा चालू झाला. आणखी थोड्या वेळानं गाईनं कान हलवला. तासाभरानं ती धडपडत उभी राहिली, आणि म्हातारी माणसं "सुटली रं बाबा, सुटली" म्हणाली.

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "अक्का, गावाला किराळ ओळखायला तुम्ही शिकवता. फुटवा टाकला कुणी?"

मी तोंड उघडलं. अक्का माझ्या शेजारीच होती. तिनं माझं मनगट धरलं, असं घट्ट की चीर पडलेल्या बोटातून रक्त आलं.

"मीच," ती म्हणाली. "सकाळी मीच कापून ठिवला हुता. ह्याला सांगितलं टाक म्हणून. डोळं गेल्यात माजं, काय दिसलंच न्हाय."

आणि मी गप्प बसलो. हे मी लिहून ठेवतोय. एवढी माणसं होती, सगळी मला सर म्हणणारी, आणि मी गप्प बसलो. मनगट तर तिनं लगेच सोडलं होतं.

सगळे गेल्यावर मी म्हणालो, "अक्का, हे तू का केलंस?"

"मग काय सांगू? सरानं गाय मारली म्हणून? हसतील की तुला."

"आणि तुला?"

"मला काय? मी अडाणीच हाय." गव्हाण धूत धूत ती म्हणाली. मग धुणं थांबवून म्हणाली, "चूक माजीबी हाय. दुसरं काय करू नको म्हणाले, फुटव्याचं नाव घेतलं न्हाय. तुला ठावं असंल असं वाटलं. तू त्यातलाच की."

गाय महिनाभरानं सुखरूप व्याली. कालवड झाली, फोनवर अक्का हसत होती. मी विचारलं, गावात काय म्हणतात? ती म्हणाली, काय म्हणायचंय. पण पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कळलं. दोन दिवस राहिलो, एकही माणूस गोठ्यात विचारायला आला नाही. पाणी भरताना एक बाई तिला म्हणाली, "अक्का, चष्मा घालून टाकता न्हवं वैरण?" अक्का हसली आणि घागर उचलून चालायला लागली. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीवर गेलो. दूध घालायला सगळं गाव किटल्या घेऊन रांगेत असतं. मी मधे उभा राहून, वर्गात लावतो तो आवाज लावून सांगितलं, "ऐका. फुटवा मी कापला. मीच टाकला. अक्का मोडनिंबला होती, तिला पत्ता नव्हता. चूक माझी आहे."

दोघा-चौघांनी किटल्या खाली टेकवल्या. मग रांगेतला एक म्हातारा हळूच हसला. "सर, भनीची माया हाय, कळतं आमाला. पर तुमी त्याच इषाचं पुस्तक शिकिवता की. तुमच्या हातनं कसं हुईल?"

"व्हय की," मागून कुणीतरी म्हणालं. "अक्काचं वय झालं आता. तुमी काय वाईट वाटून घिऊ नका."

मी शपथा घेतल्या. बोटावरचा व्रण दाखवला. जेवढा मी तावातावानं बोललो तेवढी त्यांना माझी माया दिसत गेली. शेवटी एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि किटली पुढं सरकवली.

घरी आलो तर अक्का कालवडीला पाजत होती. मी काही सांगायच्या आधीच तिनं तोंडाकडं बघून ओळखलं. "न्हाय पटलं न्हवं? मला ठावं हुतं," ती म्हणाली.

तेवढ्यात दारात चप्पल वाजली. पाण्यावर चष्म्याचं बोललेली तीच बाई, पदर खोचलेला, धाप लागलेली. मी मनात म्हटलं, आली, अक्काकडं आली! ती अक्काच्या शेजारून पुढं आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, जरा येता का? आमची म्हस सकाळधरनं कशी तरीच करायलीया. पोट फुगलंय तिचं."

"मला काय विचारता?" मी ओरडलोच. "अक्काला विचारा!"

बाईनं अक्काकडं बघितलं, कसनुसं हसली आणि पुन्हा माझ्याकडं वळली. "तुमीच चला, सर. तुमी शिकल्यालं."

कालवडीच्या मानेवरून हात फिरवणारी अक्का वर बघत नव्हती. मी तिथंच उभा. म्हशीचं पोट का फुगतं, ह्याचं एक अक्षर मला येत नव्हतं. मग मागून, मलाच ऐकू येईल इतक्या हळू, अक्का म्हणाली, "इचार तिला, डावी कूस फुगलीया का उजवी."

मी विचारलं, "डावी कूस फुगलीय की उजवी?"

"डावी, सर," बाई म्हणाली, आणि पुढं मी काय सांगतो ते ऐकायला माझ्या तोंडाकडं बघत राहिली.